एक टक्का तळहात

आज ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस. डोंबिवलीपासून बुटीबोरीपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींत आज सकाळची पाळी सुरू होण्याआधी कामगार रांगेत उभे राहतील, छातीवर बिल्ला लावतील, उजवा हात पुढे करून सुरक्षिततेची शपथ घेतील. कुठे घोषवाक्यांची स्पर्धा होईल, कुठे आग विझवण्याचे प्रात्यक्षिक. हे सारे हवेच. त्याने एका माणसाची जरी कातडी वाचली, तरी दिवस सार्थकी लागला. पण या शपथेत अपघातानंतरचे एकही वाक्य नसते. जो आज भाजलेल्यांच्या वॉर्डात जाळीखाली पडून आहे, त्याने आणि त्याच्या घरच्यांनी पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आजच्या दिवशी आम्हाला त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

कालची तारीखही या विषयात विसरण्याजोगी नाही. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला जमशेटजी टाटांच्या दीडशेव्या जयंतीचा सोहळा सुरू होता. पोलाद कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे मांडवात बसली होती, त्यात बायका-मुलेच जास्त. मांडवाला आग लागली. ६० जण गेले, ११३ जखमी झाले. त्या आगीत आपली मुले गमावलेली एक आई सर्वोच्च न्यायालयात गेली. भरपाई किती द्यायची, हे ठरवण्याचे काम न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपवले. अंतिम निकाल लागला तो ऑगस्ट २००१ मध्ये, आगीनंतर बारा वर्षांनी. चंद्रचूड यांच्या अहवालात गृहिणींच्या कामाचे मोल वर्षाला १२ हजार, काहींच्या बाबतीत १० हजार रुपये धरले होते. न्यायालयाला ते फारच तोकडे वाटले. ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी ते महिन्याला ३ हजार धरावे, असे न्यायालयाने ठरवले. आकडा लहान आहे. पण ज्या कामाचा पगार कधी कोणी दिला नाही, त्या कामाचीही किंमत कोर्टात मांडता येते, हे त्या निकालाने लिहून ठेवले.

माणूस गेला, तर त्याचा हिशेब कसा करायचा याची काही रीत आता बसली आहे. वय, कमाई, घरात खाणारी तोंडे, गुणक. भाजूनही जो वाचतो, त्याचा हिशेब अवघड असतो. वाचला, यातच सगळे जण समाधान मानतात. खरे नुकसान तिथून पुढे सुरू होते.

कोणी भाजल्याचे कळले की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच असतो : किती टक्के? दवाखान्याच्या व्हरांड्यात, फोनवर, गल्लीत, सगळीकडे हाच. प्रश्न चुकीचा नाही. माणूस जगेल की नाही, सलाईन किती लागेल, याचा अंदाज डॉक्टर त्याच आकड्यावरून बांधतात. मोठ्या माणसाच्या शरीराचे त्यासाठी नऊ-नऊ टक्क्यांचे भाग पाडलेले आहेत. एक हात नऊ, डोके नऊ, एक पाय अठरा, छाती-पोट मिळून अठरा, पाठीची बाजू अठरा. आणि किरकोळ भाजले असेल तर रुग्णाचाच तळहात बोटांसकट मापाला घेतात. तो साधारण एक टक्का.

आमच्या ओळखीतले एक आचारी आहेत. वय चाळीस. ऐन लग्नसराईत एका मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात पुऱ्यांची कढई कलंडली. समोर एक पोरगा पुऱ्या लाटत बसला होता, त्याच्या अंगावर तेल जाऊ नये म्हणून यांनी उजवा हात आडवा घातला. खांद्यापासून नखांपर्यंत हात आणि सगळी छाती भाजली. नऊ आणि नऊ, अठरा टक्के. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, अठराच ना, देवाची कृपा. आणि ते खरेही होते. मांडीची कातडी काढून हातावर लावली, अडीच महिन्यांनी ते घरी आले.

आम्ही त्यांना भेटलो तेव्हा अपघाताला वर्ष उलटून गेले होते. हातावर कातडीच्या रंगाची घट्ट इलॅस्टिकची बाही होती. व्रण उंचावू नये म्हणून ती दिवसाचे तेवीस तास घालायची असते. दुसरी बाही दोरीवर वाळत होती. त्यांनी बाही काढून तळहात पुढे केला. कातडी चकचकीत, ताणलेली, मधे दोरीसारखी एक गाठ. अंगठा तळव्याकडे ओढला गेलेला. चहाचा कप त्यांनी दोन हातांत धरला. मग स्वयंपाकघरातून झारा आणला आणि म्हणाले, “हे बघा.” बोटे दांड्याभोवती मिटेनात. झारा निसटून फरशीवर पडला. ते कोणाकडेही न पाहता खाली वाकले आणि त्यांनी तो डाव्या हाताने उचलला. “धरता आला असता तरी काय,” त्यांची बायको म्हणाली, “भट्टीजवळ उभंच राहवत नाही. त्या जागी घामच येत नाही, नुसती आग आग होते. रात्रभर खाजवतात.”

खोल भाजलेल्या कातडीबरोबर घामाच्या ग्रंथीही जातात. तिथे नव्याने लावलेली कातडी उष्णता सोसत नाही. शरीराच्या एक टक्का असलेला तो तळहात या माणसाची सगळी कमाई होता. हातावर पोट आहे, असे आपण सहज म्हणून जातो. इथे ते शब्दशः तळहातावरच होते.

अपंगत्वाचा दाखला मिळाला तो तीस टक्क्यांचा. बोटे किती वाकतात, मनगट किती फिरते, कोपर किती सरळ होते, हे मोजून तो आकडा येतो. त्या मोजणीत खाज धरत नाहीत, भट्टीसमोर न टिकणे धरत नाहीत. म्हणजे आता तीन आकडे झाले. भाजले अठरा टक्के, अपंगत्व तीस टक्के, आणि आचाऱ्याची कमाई बुडाली ती शंभर टक्के. भाजलेल्या माणसाचा न्याय या तीन आकड्यांच्या मधल्या फटीत हरवतो. आणि कायदा तसा नाही, हे त्याला कोणी सांगत नाही.

कायद्याने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. कामावर पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, एकच हात गेला, दुसरा आहे. हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची शक्ती संपूर्ण गेली, असे त्याने ठरवले. रक्कम देणे लागू होते ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालाने सांगितले. पुढे २०१० साली वाहन अपघाताच्या एका खटल्यात न्यायालयाने हाच मुद्दा आणखी उलगडला. हात गेलेला माणूस वाहनचालक किंवा सुतार असेल, तर त्याची जवळजवळ सगळी कमाई जाते. तोच सरकारी कारकून असेल, तर कदाचित नोकरी टिकते. डॉक्टरांनी शरीराचे अपंगत्व सांगावे. त्याचा कमाईवर काय परिणाम झाला, हे न्यायाधिकरणाने त्या माणसाचे काम पाहून ठरवावे.

हा फरक रुपयांत मांडून पाहावा. कामावर झालेल्या अपघातासाठी आपल्याकडे १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर पगाराच्या साठ टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, अशी त्याची रीत. चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७. पगार १५ हजार धरला, तर साठ टक्के म्हणजे ९ हजार, आणि भरपाई १६ लाख ५७ हजार ५३० रुपये. कमाईची हानी तीसच टक्के धरली, तर ४ लाख ९७ हजार २५९. एकच माणूस, एकच हात. कोणता आकडा कोणत्या रकान्यात लिहिला गेला, एवढ्यावरून साडेअकरा लाखांचा फरक पडतो. त्यावर उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च वेगळा, आणि रक्कम वेळेत न दिल्यास व्याज वेगळे. याच कायद्याच्या परिशिष्टात, ज्या इजा शंभर टक्के अपंगत्वाच्या मानल्या जातात त्यांच्या यादीत, दोन्ही हात जाण्याच्या आणि दृष्टी जाण्याच्या ओळीतच ‘चेहऱ्याची अति गंभीर विद्रूपता’ लिहिलेली आहे. चेहरा भाजलेल्या किती कामगारांना हे माहीत आहे?

आणि या आचाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात काय पडले? वीस हजार रुपये, आणि त्यासोबत शंभराच्या स्टॅम्प पेपरवर एक सही : मला मदत मिळाली, माझी आता काही तक्रार नाही. सही डाव्या हाताची. त्या कागदाची त्यांना एवढी धास्ती बसली होती की आता आपला हक्क संपला, असेच ते धरून चालले होते. वस्तुस्थिती उलट आहे. भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्याने निरर्थक ठरवला आहे. आपण रोजंदारीवरचे, हंगामी, म्हणून कायदा लागू नाही, अशीही त्यांची समजूत होती. हंगामी कामगाराला वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकले गेले. अर्जाला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते, हे तर त्यांना ठाऊकच नव्हते. ज्या कामगाराच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात होते, त्याचा दावा ईएसआयकडे जातो, इतरांचा थेट मालकावर. पण वाटा दोन असल्या तरी हक्क तोच.

“शेठ माणूस वाईट नाहीत हो,” त्यांची बायको आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होती. “वीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लं.” हे वाक्य आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे भरपाई मागणे म्हणजे भांडण काढणे, आणि मालकाने दिलेली रक्कम म्हणजे उपकार, अशी मनाची बैठक आहे. मोठी दुर्घटना घडली की सरकारही पहिल्याच संध्याकाळी मृतांच्या नातेवाइकांना लाखांचे सानुग्रह साहाय्य आणि जखमींवर मोफत उपचार जाहीर करते. ते चांगलेच. पण सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेले. भरपाई ही कृपा नाही. ज्याच्या कामासाठी हात जळला त्याने चुकवायचे ते देणे आहे, जसे दुकानदाराचे, जसे बँकेचे. खाल्ल्या मिठाला हा माणूस वीस वर्षे जागला, हात आडवा घातला तेव्हाही जागला. आता जागण्याची पाळी समोरच्याची आहे, हे म्हणण्यात कृतघ्नपणा नाही.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड कागद मात्र स्टॅम्प पेपर नव्हता. तो होता दवाखान्यातला पहिला केसपेपर. आचाऱ्यांना ज्याने रिक्षातून आणले, त्या मुकादमाने दाखल करताना सांगितले की घरी तेल सांडले. ते शुद्धीवर होते, पण कण्हत होते. डॉक्टरांनी ऐकले तसे लिहिले. पोलिसांकडे गेलेल्या वर्दीत तेच उतरले. अपघात कामावर झालाच नाही, असे म्हणायला त्या एका ओळीने दार उघडून दिले.

केसपेपरवरची ही पहिली ओळ महाराष्ट्राला नवी नाही. वर्षानुवर्षे सासरी भाजलेल्या बायकांच्या कागदावर ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हीच ओळ लिहिली गेली, आणि ती सांगणारे बहुतेक वेळा खाटेशेजारीच उभे असत. तिच्या शेजारून माणसे बाजूला करून, डॉक्टरांकडून ती शुद्धीवर असल्याची खात्री करून घेऊन, दंडाधिकाऱ्यांनी तिचा जबाब स्वतः नोंदवावा, ही पद्धत कशासाठी आहे ते यावरून कळते. घरातल्या छळाने भाजलेल्या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली उपचाराचा खर्च आणि शारीरिक-मानसिक इजेची भरपाई, दोन्ही मागता येतात. पण त्या वाटेची सुरुवातही पहिल्या खऱ्या वाक्यापासूनच होते.

म्हणून भाजलेल्या माणसाच्या घरच्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. पहिल्या दोन दिवसांत डोके ठिकाणावर नसते, तरी घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावे. केसपेपरवर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे, चूक असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना आणि पोलिसांना लेखी सांगावे. पंचनामा व्हायच्या आत जागा धुऊन-पुसून घेतली जाते, तेव्हा फोनवर का होईना, फोटो काढून ठेवावेत. फुटलेली नळी, वितळलेली वायर, जळालेले कपडे टाकू नयेत. जखमांचे फोटो आठवड्याला एक याप्रमाणे तारखेसकट काढावेत, कारण वर्षाने कोर्टासमोर उभा राहतो तो भरलेला व्रण, आणि तो आधी कसा होता हे कोणाला दिसत नाही. औषधाची चिठ्ठी, रिक्षाचे भाडे, ड्रेसिंगला बसलेल्या बहिणीच्या बुडालेल्या हजेऱ्या, सगळे एका पिशवीत ठेवावे. मालकाला घटनेची लेखी सूचना द्यावी आणि पोच घ्यावी.

आग कशाची होती, यावर दार कुठले ठोठावायचे ते ठरते. घरगुती गॅसची असेल, तर तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा उतरवलेला असतो. त्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका दुर्घटनेला एकूण ३० लाखांपर्यंत अशी त्याची तरतूद राहिली आहे. सिलिंडर घरी आणणाऱ्या वितरकाला ताबडतोब लेखी कळवले की ही वाट सुरू होते. कळवलेच नाही, तर विमा कागदावरच राहतो.

विजेने भाजलेल्यांसाठी कायदा अधिक खंबीर आहे. मध्य प्रदेशातल्या वीज मंडळाच्या २००२ च्या खटल्यात, पावसात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने एक माणूस गेला होता. मंडळाचे म्हणणे, कोणीतरी आकडा टाकून वीज चोरत होते, त्याने ती तार तिथे आली, आमचा दोष नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, इतकी धोक्याची वस्तू जो वाहून नेतो, त्याच्यावर दोष सिद्ध न होताही जबाबदारी येते. म्हणून अशा अपघातात विद्युत निरीक्षकाची चौकशी झाली का आणि तिचा अहवाल काय, हे विचारून घ्यावे.

रस्त्यावरच्या आगीचा एक मोठा निकाल तर आपल्या साताऱ्याच्या मातीतला आहे. २९ ऑक्टोबर १९८७. पुणे-बंगळूर रस्त्यावर कवठे गावाजवळ पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि एक मालट्रक एकमेकांवर आदळले. टँकर रस्त्यापासून वीसेक फुटांवर कलंडला, पेट्रोल गळू लागले. उजाडल्यावर माणसे जमली. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला आणि जमलेली माणसे होरपळली. त्यात गेलेल्या एका तरुणाच्या आईने दावा लावला. टँकरच्या बाजूचे म्हणणे, टक्कर पहाटेची, आग सकाळची. चार तास निपचित पडलेला टँकर वापरात होता असे कसे म्हणता येईल? मोटार अपघात न्यायाधिकरणाने ते मानून आईचा अर्ज फेटाळला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला, आणि जुलै १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. वाहनाचा वापर म्हणजे केवळ चाके फिरणे नव्हे. टक्कर, गळती आणि आग ही एकाच घटनेची साखळी आहे, असा त्याचा अर्थ. दोष न पाहता द्यायची ती रक्कम त्या वेळी अवघी १५ हजार रुपयांची होती. तेवढ्यासाठी त्या आईला दिल्लीपर्यंत झगडावे लागले. पण आज देशात कुठेही उभे वाहन पेटून माणूस भाजला, तर तिच्या खटल्याचा आधार घेतला जातो. कवठ्याच्या त्या आईचे हे ऋण आपण सगळ्यांनी ओळखले पाहिजे.

ॲसिडने भाजलेल्यांसाठी लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान ३ लाखांची भरपाई ठरवून दिली. त्यातले १ लाख पंधरा दिवसांत, उरलेले त्यापुढच्या दोन महिन्यांत. आपल्या राज्यात त्यासाठी मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. या आदेशातला आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पंधरा दिवसांचा शब्द. भाजलेल्या माणसाला पैसा लागतो तो पहिल्या महिन्यात. जंतुसंसर्ग वाट पाहत नाही, आणि उशिरा लावलेली कातडी आखडते ती कायमची. दहा वर्षांनी आलेले दहा लाख त्या अंगठ्याला पुन्हा सरळ करत नाहीत.

भाजलेल्याचे नुकसान एका शस्त्रक्रियेने संपतही नाही. लहान मुलाच्या बाबतीत हे सर्वांत क्रूर असते. मूल वाढते, व्रण वाढत नाही. त्यामुळे बगल, मान, बोटे पुन्हा पुन्हा आखडतात आणि दर काही वर्षांनी टेबलावर जावे लागते. पानिपतच्या एका चिमुरड्याचा २०११ साली घराच्या गच्चीवरून गेलेल्या ११ हजार व्होल्टच्या तारेला स्पर्श झाला. दोन्ही हात आणि एक पाय गेला. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी त्याला ६० लाख रुपये मंजूर केले, वरच्या पीठाने त्यात कपात केली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. ज्याचे सारे आयुष्य पुढे आहे, त्याला आयुष्यभर लागणारा सोबती, बदलावे लागणारे कृत्रिम अवयव, कधीच न मिळणारे बालपण, हे सगळे मोजायला हवे, हे त्या रकमेमागचे तत्त्व आहे. आपल्या तालुक्याच्या कोर्टात दावा लावतानाही पुढच्या उपचारांचा खर्च हा वेगळा मुद्दा म्हणून, प्लास्टिक सर्जनच्या लेखी अंदाजासह मांडलाच पाहिजे. मागितले नाही, तर सहसा मिळत नाही.

पैशाने कातडी परत येते का, असे म्हणून पुष्कळ जण हा विषय मिटवतात. येत नाही. पण पैशाने पुढची शस्त्रक्रिया होते, ती घट्ट बाही नवी घेता येते, मुलीची शाळा सुटत नाही, आणि मुख्य म्हणजे आपण फेकून दिलेला माणूस नाही, हे त्याला कळते. शिवाय भरपाई मोजावी लागते, तेव्हाच कढईखालची तिवई मजबूत करणे स्वस्त पडते. आजच्या शपथेचा आणि भरपाईचा हा थेट संबंध आहे.

सरकारकडे आणि समाजाकडे आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. भाजलेल्यांच्या प्रत्येक वॉर्डात विधी सेवा प्राधिकरणाचा एक स्वयंसेवक आठवड्यातून ठरल्या दिवशी बसावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्री, बालक, औद्योगिक कामगार, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीची माणसे या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. भाजलेल्यांच्या वॉर्डातले बहुतेक सारे यात बसतात. फक्त त्यांना खाटेपाशी येऊन हे सांगणारा कोणी हवा. दुसरे, ॲसिडसाठी जो पंधरा दिवसांचा नियम आहे, तसा काही पहिला हप्ता प्रत्येक गंभीर भाजलेल्याला मिळावा. दोष कोणाचा, हे नंतर ठरत राहील. तिसरे, कारखान्याच्या, हॉटेलच्या, भटारखान्याच्या भिंतीवर सुरक्षेच्या घोषवाक्याशेजारी, अपघात झालाच तर कोणाला कळवायचे आणि हक्क काय, हे चार ओळींत लिहिलेले असावे. आणि चौथे, अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी टक्का लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा : तुम्ही काम काय करत होता?

त्या आचाऱ्यांना हा प्रश्न विचारला गेला, पण दोन वर्षांची मुदत संपायला सहा आठवडे उरले असताना. एका विधी स्वयंसेविकेने त्यांची पिशवी उपसली, अर्ज दाखल करून दिला, आणि नव्या तपासणीसाठी त्यांना पाठवले. त्यांनी आपल्या मनानेच झारा सोबत नेला होता. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी तो त्यांच्या हातात दिला, तो निसटताना पाहिला, आणि टक्क्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या : जड भांडे किंवा झारा धरू शकत नाहीत, उष्णतेजवळ उभे राहू शकत नाहीत, आचाऱ्याचे काम यापुढे करणे शक्य नाही. निकाल अजून लागायचा आहे. केसपेपरवरची ती पहिली ओळ आडवी येणारच, पण पुऱ्या लाटणारा तो पोरगा साक्षीला येतो म्हणाला आहे. त्या तीन ओळींची झेरॉक्स आचाऱ्यांनी देव्हाऱ्यात ठेवली आहे. आपल्या हाताचे खरे काय झाले, हे एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी लिहून दिले, असे त्यांना वाटते.

आज सकाळी हजारो कामगार शपथेसाठी उजवा हात पुढे करतील. मापाने पाहिले तर त्यातला प्रत्येक तळहात शरीराचा एकच टक्का भरेल. त्यावर कोणाचे किती अवलंबून आहे, हे शपथ देणाऱ्याने एकदा त्या हातांकडे पाहून मोजावे.